२८० रुपयांचा रोबो: पैसे सांध्यात गेलेत की दिव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साडेसहा वर्षांच्या भाच्याच्या वाढदिवसाला तुम्ही २८० रुपयांची, रोबो होणारी बोटभर लांबीची लाल गाडी आणलीत. दोन दिवसांत रोबोचे दोन्ही पाय निघाले, भाचा रडला आणि ताई म्हणाली, "स्वस्तातलं आणलंस ना, मग असंच." आता तुम्हाला जाणून घ्यायचंय की असली स्वस्त खेळणी घ्यावीतच का, घेताना काय बघावं, की सरळ आठशे-नऊशे घालून नावाजलेल्या कंपनीचा छोटा रोबो आणावा. घरात दीड वर्षाची भाचीही आहे, हे तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंत. त्यावर खाली येतोच, कारण मला विचाराल तर प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच.

मी कोण, ते आधी सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्ही ठरवा. भोसरीत टूलरूममध्ये २६ वर्षं झाली. प्लास्टिकचे साचे बनवतो: डब्यांची झाकणं, स्विचची बटणं, गाडीच्या डॅशबोर्डमागच्या क्लिपा. खेळण्याचा साचा आजवर एकदाही हाताखालून गेलेला नाही. पण रूप बदलणाऱ्या रोबोंचा नाद कॉलेजपासूनचा. घरात दोनशेच्या वर आहेत (बायको आकडा वेगळा सांगते), आणि सोसायटीतल्या पोरांचे मोडके रोबो रविवारी सकाळी माझ्या टेबलावर येऊन पडतात. तेव्हा यातलं कौतुक आणि कटकट, दोन्ही ठाऊक आहेत.

आधी एक काम करा. ते पाय परत बसवून बघा.

थट्टा करत नाहीये. "पाय निघाला" आणि "पाय मोडला" या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत आणि माझ्याकडे येणाऱ्या "मोडलेल्या" रोबोंपैकी बरेचसे नुसते निघालेले असतात. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात उखळीचा सांधा शिकलो होतो ना, खांद्याचा आणि खुब्याचा? छोट्या रोबोत तोच असतो. एका भागावर प्लास्टिकची गोळी, दुसऱ्यात वाटीसारखी उखळी. जोर जास्त झाला की गोळी सुटते, अंगठ्यानं दाबली की "टक" करून परत बसते. हा सांध्याचा दोष नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. पोरगं पाय उलटा पिरगाळणार हे बनवणाऱ्याला माहीत असतं. पिरगाळल्यावर काहीतरी सुटलं पाहिजे, नाहीतर काहीतरी तुटणार. बिजागरीचा सांधा, म्हणजे आरपार पिन घातलेला, असा सुटत नाही. तो टिकतो तोवर टिकतो आणि जातो तेव्हा कायमचा जातो. म्हणून सहा-सात वर्षांच्या मुलाच्या रोबोत खुब्याला आणि खांद्याला उखळीचे सांधे असणं मी चांगलं लक्षण धरतो.

गोळी बसवण्यापूर्वी तिची मान बघा, म्हणजे गोळी जिथे अंगाला जोडलेली असते तो बारीक दांडा. तिथे पांढुरकी रेघ दिसली तर प्लास्टिक आतून ताणलं गेलंय, थोड्या दिवसांचं सोबती आहे. रेघ नसेल तर पाय बसवा आणि ताईला बोलावून दाखवा.

आता मूळ प्रश्न. छोटा, स्वस्त रोबो चांगला की वाईट, हे कशावरून ठरवायचं?

माझी एकच कसोटी आहे. बनवणाऱ्याकडे पैसे थोडेच होते, हे धरून चालायचं. त्याने ते कशावर घातले ते बघायचं. सांध्यावर घातले असतील तर खेळणं चांगलं, मग रंग फिका का असेना. दिव्यावर, आवाजावर, चकचकीत मुलाम्यावर घातले असतील तर सांध्यासाठी काही उरलेलं नसणार. ही गोष्ट नवी नाही; या खेळण्यांच्या जन्मापासून अशीच आहे.

जपानमध्ये १९८२ साली बांदाई या खेळण्यांच्या कंपनीच्या घरातल्या पॉपी कंपनीने मशीन रोबो नावाची मालिका काढली. मुठीत मावणारी विमानं, गाड्या, आणि त्यांचे रोबो. किंमत ६०० येन, म्हणून मालिकेचं नावच ६०० पडलं. अमेरिकेत टोंका कंपनीने तीच खेळणी गोबॉट्स म्हणून विकली. इकडे ताकारा कंपनीने १९८३ साली मायक्रो चेंज मालिकेत बुटक्या, गुबगुबीत गाड्यांचे छोटे रोबो आणले, आणि पुढच्याच वर्षी हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने ते साचे घेऊन ट्रान्सफॉर्मर्स या नावाखाली अमेरिकेत उतरवले. त्यातली एक पिवळी फोक्सवॅगन बीटल म्हणजे बम्बलबी. आज ज्याच्यावर अख्खे सिनेमे निघतात तो मुळात त्या मालिकेतल्या सगळ्यात स्वस्त गटातला, पुठ्ठ्यावर चिकटवून खुंटीला टांगून विकायचा माल होता.

त्या बम्बलबीचा रोबो करायला लागायचं काय? हात बाहेर ओढायचे, पाय ताणून लांब करायचे, डोकं उघडायचं. झालं. गुडघे नाहीत, कोपरं नाहीत. आजच्या मोजमापाने बघितलं तर रोबो म्हणजे विटेला फुटलेले हातपाय. पण ज्या दोन-चार हालचाली होत्या त्या घट्ट होत्या आणि पोराला कागद न बघता जमायच्या. गाडी बुटकी का? कारण रोबोचं अंग आत कोंबायचं तर गाडी जाडी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. खऱ्या गाडीसारखी सडपातळ करायची तर पत्रे दुमडावे लागतात, म्हणजे आणखी बिजागऱ्या, आणखी साचे, आणखी मजुरी. बम्बलबी तेव्हा पिवळा आणि लाल अशा दोन्ही रंगांत मिळायचा, आणि त्याचा जोडीदार क्लिफजम्परही तसाच दोन्ही रंगांत. साचा तोच, वितळवून ओतायचे प्लास्टिकचे दाणे वेगळ्या रंगाचे. ही काटकसर मला फसवणूक वाटत नाही. आमच्या धंद्यात साचा सोन्याचा आणि दाणा मातीमोल, तेव्हा एकाच साच्यातून जेवढं निघेल तेवढं काढणं हा शहाणपणा आहे.

हल्ली त्याच घराण्यातला छोटा रोबो म्हणजे कोअर क्लास नावाचा, साडेतीन इंचांचा, २०२१ मध्ये आलेला. त्याआधी २००५ पासून लेजंड्स नावाचा असाच छोटा गट होता. यांच्यात गुडघे, कोपरं, फिरणारं डोकं सगळं आलं. एवढ्या अंगात एवढे सांधे बसवणं सोपं नाही, आणि किंमत धरून ठेवायची तर कुठेतरी हात आखडावा लागतो. तो कुठे आखडलाय ते तुम्हाला पाठमोरा रोबो धरल्यावर दिसेल: पाय आणि हात मागून पोकळ. भिंती तेवढ्या, पोट नाही. नवख्या माणसाला हे बघून फसल्यासारखं वाटतं. मला नाही वाटत. पोकळ भाग म्हणजे कमी प्लास्टिक, एवढंच त्याचं कारण नाही; जाड भाग साच्यात थंड होताना खड्डा पडतो, आणि तो टाळायचा म्हणून भिंती सारख्या जाडीच्या ठेवाव्याच लागतात. पोकळीवरून खेळण्याला नावं ठेवू नका.

रंगाचंही तसंच. ठशाचं किंवा फवाऱ्याचं प्रत्येक काम म्हणजे वेगळा मुखवटा (रंग नको तो भाग झाकणारा) आणि वेगळ्या माणसाचा हात. त्यामुळे स्वस्त रोबोचा रंग बहुतेक प्लास्टिकचाच असतो आणि डोळे, छातीवरचं चिन्ह, काचा एवढ्यांनाच खरा रंग मिळतो. खिडक्या रंगवलेल्या नाहीत म्हणून नाक मुरडू नका. उलट गाडी खालपासून वरपर्यंत झगमगत असेल, त्यावर क्रोमसारखा मुलामा असेल आणि किंमत तरी २५० असेल, तर मला शंका येते. मुलाम्याचा थर सांध्यात घासून निघतो आणि तिथेच गोळी ढिली पडते.

दिव्याचं तर विचारूच नका. छातीत दिवा म्हणजे छातीत बॅटरीचा डबा. रोबोचं अंग गाडीत दुमडायला जी जागा हवी असते नेमकी ती डब्याने खाल्लेली असते. मग हालचाली कमी होतात: बॉनेट वर, पाय खाली, संपलं. पोरगं दोन दिवस बटण दाबतं, तिसऱ्या दिवशी आवाजाने घरातले वैतागतात, चौथ्या दिवशी बॅटरी उतरते, आणि मग हातात उरते ती एक जड, न वळणारी गाडी.

सांधा चांगला म्हणजे काय, ते जरा खोलात सांगतो, कारण सगळा खेळ तिथेच आहे. छोट्या रोबोतली गोळी साधारण चार मिलिमीटरची धरा. उखळी तिच्यापेक्षा किंचित लहान हवी, एवढी किंचित की डोळ्याला दिसू नये. मिलिमीटरचे काही शतांश. जास्त लहान झाली तर उखळीची भिंत चिरते. सारखी झाली तर पाय लुळा. आता एबीएस नावाचं जे नेहमीचं टणक प्लास्टिक, ते साच्यातून निघून थंड होताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसतं. एसिटल, ज्याला आमच्याकडे पीओएम म्हणतात, ते दोन टक्क्यांच्या आसपास आकसतं. चांगला बनवणारा सांध्याची एक बाजू एबीएसची आणि दुसरी पीओएमची ठेवतो, कारण पीओएम गुळगुळीत असतं आणि घासून लवकर झिजत नाही. दोघांचं आकसणं वेगवेगळं धरून तो साचे वेगवेगळे मोठे करतो. नक्कल करणाऱ्याच्या हातात साच्याचं चित्र नसतं, तयार खेळणं असतं. तो ते मोजतो किंवा त्याच्यावरून छाप घेतो, आणि सगळं एकाच प्लास्टिकात ओततो. मग एक सांधा घट्ट, दुसरा सैल, एक पाय ताठ आणि दुसरा फरफटतोय, अशी नक्कल जन्माला येते. नक्कल मूळ खेळण्यापेक्षा केसभर लहान आणि तिच्यावरच्या बारीक रेषा पुसट असतात त्या याच कारणाने.

पीओएम ओळखायची साधी खूण: ते जरा मेणचट, किंचित पारभासक दिसतं, नखाने निसटतं आणि त्याच्यावर रंग किंवा डिंक धरत नाही. म्हणून चांगल्या रोबोत रंगवलेले भाग आणि सांध्याचे भाग वेगळे असतात. हे कळलं की सांध्याच्या ठिकाणचा करडा, न रंगवलेला तुकडा बघून "कंजुषी केली" असं वाटायचं बंद होतं.

पारदर्शक प्लास्टिकपासून सावध राहा. काचेसारखी खिडकी असलेला भाग दिसायला सुरेख, पण त्याच तुकड्यात बिजागरीचं भोक असेल तर तो भाग पहिला जातो. माझ्याच मुलाच्या एका गाडीचं छप्पर असं गेलं. जोर माझ्याच अंगठ्याचा होता, हे अजून ऐकवलं जातं. आणि एक जुनी खोड जमवणाऱ्यांना ठाऊक आहे: ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सोनेरी चमकी मिसळलेल्या प्लास्टिकचे भाग काही वर्षांनी बिस्किटासारखे चुरतात. नवीन स्वस्त खेळण्यात सोनेरी चमक प्लास्टिकच्या आत दिसली तर सांध्याला ती नको एवढं बघा.

घरी आणलेल्या रोबोची मी जी परीक्षा घेतो ती अशी. गाडी फरशीवर ठेवून ढकलायची. सरळ जाते का, की रोबोचे हात खाली लोंबकळून फरशीला घासतात? स्वस्त रोबोत हात गाडीच्या पोटाखाली कुठेतरी दडवलेले असतात, आणि ते नीट अडकवायला खाच नसेल तर गाडी पोटावर सरपटते. मग गाडी उचलून हलवायची. खुळखुळ झाली तर एखादा भाग खोबणीत बसलेला नाही. खोबणीत बसताना खटका लागला पाहिजे, बोटाला कळला पाहिजे; नुसतं जवळ येऊन थांबणं म्हणजे बसणं नाही.

मग रूप बदलायचं, पहिल्यांदा कागद बघून, मग न बघता, मग डोळे मिटून. पोरांना हे तिसरं फार लवकर जमतं. या वेळी मी एकच गोष्ट बघतो: नख लागतंय का? जिथे नख घालून उचकटावं लागतं तिथे पोरगं दात लावणार, किंवा आजोबांकडे जाणार आणि ते स्क्रूड्रायव्हर लावणार. दोन्हीचा शेवट एकच. बोटाच्या पेराने सगळं होत असेल तर अर्धे गुण तिथेच.

रोबो झाला की त्याला उभा करायचा. गंमत म्हणजे बहुतेक स्वस्त रोबो इथे पडतात, शब्दशः. कारण गाडीचं छप्पर किंवा बॉनेट पाठीवर गाठोड्यासारखं लटकतं आणि सगळा तोल मागे जातो. बनवणाऱ्याने विचार केला असेल तर टाचेला मागे एक छोटी जीभ निघते. ती आहे का बघा. ती नसेल तर पोराला रोबो पुढे वाकवून उभा करावा लागतो, आणि म्हाताऱ्यासारखा वाकलेला वीरपुरुष कुणालाच आवडत नाही.

शेवटी तेच रूप दहा-पंधरा वेळा बदलायचं. दहाव्यांदाही खटके पहिल्यासारखेच लागले तर खेळणं चांगलं. सांध्यातून पांढरी पूड पडायला लागली तर आत काहीतरी घासतंय.

पण दुकानात कुणी तुम्हाला खोका उघडू देणार नाही. तिथे काय? खोक्यावर रोबोचा खरा फोटो आहे की नुसतं रंगवलेलं चित्र, ते बघा. चित्रच असेल तर ठेवून द्या. पारदर्शक खिडकी असेल तर वाकून रोबोची पाठ बघण्याचा प्रयत्न करा. स्क्रू दिसले तर बरं, कारण उघडून दुरुस्त करता येतं. पुष्कळ चिनी खोक्यांवर "डिफॉर्मेशन" असं छापलेलं असतं आणि लोक हसतात. चिनी भाषेत रूप बदलणं आणि आकार बिघडणं यांना शब्द एकच आहे, आणि ट्रान्सफॉर्मर्सच्या चिनी नावातही तोच आहे. तेव्हा तो शब्द काही वाईट मालाची खूण नाही. नुसता शब्दकोश चुकलाय.

आता भाची.

दीड वर्षाच्या बाळाच्या घरात निघालेला पाय हा नुसता निघालेला पाय नसतो. खेळण्यांच्या सुरक्षिततेत एक नळी वापरतात: तोंड ३१.७ मिलिमीटरचं, तळ तिरका, खोली २५.४ पासून ५७.१ मिलिमीटरपर्यंत. त्यात एखादा तुकडा न दाबता पूर्ण मावला, तर तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात चालत नाही, कारण तो घशात अडकू शकतो. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्याहून थोडं मोठं तोंड समजा. साडेतीन इंची रोबोचे हात, पाय, डोकं, बंदूक, सगळे तुकडे त्यात आरामात जातात. मी वर ज्याचं कौतुक केलं तो सुटणारा उखळीचा सांधा भाच्यासाठी गुण आहे आणि भाचीसाठी धोका. एकाच घरात दोन्ही खरं आहे. म्हणून रोबोने खेळायची जागा टेबलावर, आणि खेळून झाल्यावर हातपाय मोजून डब्यात. आमच्या घरी धाकटी लहान होती तेव्हा हा नियम होता. थोरला मोजायचा, एक हात कमी भरला की सगळे पलंगाखाली.

दिव्याचा रोबो आणू नका म्हणालो त्याचं दुसरं कारण हेच. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या, त्यातही २० मिलिमीटरच्या लिथियमच्या, बाळाने गिळल्या तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत भाजू शकतात. बॅटरीच्या डब्याला स्क्रू नसेल, नुसतं नखाने उघडणारं झाकण असेल, तर ते खेळणं तुमच्या ताईच्या घरात जाऊच नये. आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता थेट मोठ्या दवाखान्यात. छोटी लोहचुंबकं असलेल्या रोबोंनाही हाच नियम.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. साध्या खेळण्यावर आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यावर आयएस १५६४४ असा क्रमांक, आणि चिन्हाखाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होतं. नुसतं चिन्ह छापणं सोपं असतं, म्हणून क्रमांक टाकून बघाच. चिन्ह नसलेलं खेळणं मी मोठ्या माणसाच्या कपाटासाठी घेईनही, लहान मुलाच्या हातात देणार नाही. मुलं रोबो चाटतात, रंगात काय आहे ते आपल्याला दिसत नाही.

नावाजलेल्या कंपनीचा छोटा रोबो एवढा महाग का, याचं एक कारणही इथेच आहे. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची जकात २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. अमेरिकेत खाऊच्या पैशांत येणारी वस्तू इथे वाढदिवसाची भेट होते ती अशी. आठशे-नऊशे देताना ते सगळे सांध्यावर खर्च झालेत असं समजू नका.

मग घ्यायचं काय? तुमच्या जागी मी असतो तर साडेसहाच्या मुलासाठी आत्ताच नऊशे घातले नसते. त्या छोट्या जमवण्याजोग्या रोबोंच्या खोक्यावर बहुधा आठ वर्षं आणि पुढे असं लिहिलेलं असतं, ते उगीच नाही. त्यातले तुकडे बारीक असतात आणि दोन-तीन पायऱ्या अशा असतात की क्रम चुकला तर भाग एकमेकांना अडतो, आणि साडेसहाचं पोर अडलं की जोर लावतं. दुसऱ्या टोकाला एका झटक्यात रूप बदलणारे रोबो असतात, कळ दाबली की झालं. ते याच्यासाठी आता बाळबोध ठरतील. रूप बदलून झाल्यावर त्या रोबोचा हातसुद्धा धड हलत नाही. मधला घ्या. सहा ते दहा हालचाली, उखळीचे सांधे, बॅटरी नाही, चिन्ह आहे. तीनशे ते पाचशेत नीट शोधलं तर मिळतो. नाव माहीत नसलेल्या बनवणाऱ्याचा असला तरी हरकत नाही. माझ्या कपाटात जेजुरीच्या जत्रेतून आणलेली एक हिरवी जीप आहे. कुणी बनवली ते तिच्यावर कुठेही लिहिलेलं नाही. चार सांधे, एक लोखंडी पिन, रंगाचा थेंब नाही. माझ्या दोन्ही मुलांच्या हातून ती गेली आणि आजही तिचा खटका लागतो. तिच्याशेजारी तिच्या वीसपट किमतीचा एक रोबो आहे, ज्याला मी हात लावायला घाबरतो.

नऊशेवाला भाचा आठ वर्षांचा झाल्यावर आणा. तोवर त्याची बोटं तयार होतील.

राहिला तुमचा लाल रोबो. पाय बसले पण लुळे राहिले, तर बिनरंगी नेलपॉलिशचा अगदी पातळ थर फक्त गोळीवर लावा आणि पूर्ण एक दिवस उघडा वाळू द्या. ओला असताना बसवलात तर पाय कायमचा चिकटेल, आणि थर जाड लावलात तर नेलपॉलिशच प्लास्टिक खाईल. गोळी मेणचट प्लास्टिकची असेल तर नेलपॉलिश तिच्यावर टिकणार नाही, सालासारखं निघेल. मग नळाच्या कामाला वापरतात ती पांढरी टेफ्लॉनची टेप, एकच फेरा, ताणून. सांधा उलट फार घट्ट असेल तर कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवून मग हलवा, उकळत्या पाण्यात नाही. आणि मानेवर ती पांढरी रेघ निघालीच, तर डिंकाने जोडत बसू नका, तिथे डिंक टिकत नाही. पाय डब्यात नको, सरळ कचऱ्यात टाका, म्हणजे भाचीला सापडणार नाही. बिनपायाची गाडी मात्र ठेवा. चाकं चालू असतील तर भाचा ती चालवत राहील.